हाताला बसेल ते पिस्तूल

तिसरं पिस्तूल हातात आलं तेव्हा उमाकांतने मनातल्या मनात अबू तुर्कीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिकडे पोरीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि हा बाबा त्याला वाळवंटात उभा करून नेम धरायला शिकवत होता.

अबू तुर्की म्हणजे त्याचा कफील, व्हिसा देऊन आणणारा सौदी मालक. राबिघ गावातलं पंपदुरुस्तीचं वर्कशॉप त्याचंच. माणूस दिलदार, हसरा, पण रजेचा विषय काढला की याचं ठरलेलं उत्तर, "बुकरा." म्हणजे उद्या. तो उद्या काही उजाडत नव्हता. उमाकांतचा पासपोर्ट त्याच्या कपाटात कुलूपबंद होता. तो हातात पडल्याशिवाय चिपळूणचं तोंड दिसणार नव्हतं. आज शुक्रवारी जेवायला बोलावलंय म्हटल्यावर उमाकांतला वाटलं, चला, आज काम झालं. म्हणून तर तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

जेवण झालं, चहा झाला आणि अबू तुर्कीने गाडीतून पासपोर्टऐवजी पिस्तुलांची पेटी काढली. समोर पिंपावर पेप्सीचे रिकामे डबे मांडले.

"बाबा, वो मेरा छुट्टी का..." उमाकांतने सुरुवात केली.

"पहले ये देखो. हाथ में बैठता?"

पहिलं पिस्तूल लांब नळीचं होतं. चाप ओढताच ते असं उसळलं की मनगटातली कळ थेट खांद्यात गेली. डबा जागच्या जागी. दुसऱ्याची मूठ जाडजूड. उमाकांतचा पंजा लहान, बोट चापापर्यंत पोचेना. कसंबसं पोचवलं तर नळी वाकडी झाली आणि गोळी कुठे गेली ते अल्लाला ठाऊक. आता हे तिसरं इतकं हलकं होतं की हात थरथरतोय की पिस्तूल, तेच कळेना. कानात वर्कशॉपमधले पिवळे बोळे घातलेले होते, तरी बार झाला की त्याचे डोळे गच्च मिटायचे.

"आँख बंद नहीं! साँस छोड़ो, फिर दबाओ," अबू तुर्की ओरडला.

श्वास सोडायला सांगतोय! उमाकांतचा श्वास महिनाभर अडकला होता. काल रात्री बायकोने, शालिनीने, फोनवर निर्वाणीचं सांगितलं होतं, "तुम्ही आला नाहीत तर मोठे भाऊजी आणि जाऊबाई बसतील कन्यादानाला. मी आपली बाजूला उभी राहीन अक्षता घेऊन." एवढं बोलून तिने फोन ठेवला. ती रडली असती तर परवडलं असतं.

अबू तुर्की टाळाटाळ का करतो, हेही उमाकांतला ठाऊक होतं. गेल्या साली समाधान वेल्डर बहिणीच्या लग्नाला म्हणून गेला तो गेलाच. त्याच्या नावाने अबू तुर्की अजून उसासे टाकायचा. म्हणजे खाल्लं समाधानने आणि निस्तरायचं उमाकांतने. भरीस भर म्हणून ही नेमबाजी.

चौथं पिस्तूल जुनं होतं. चपटी, सडपातळ मूठ, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. उमाकांतने ते वैतागानेच उचललं आणि क्षणभर थांबला. मूठ तळव्यात अलगद बसली. बोट आपसूक चापावर आलं. वजन असं की नळी आपली आपण स्थिर राहिली. त्याने श्वास सोडला. डोळे उघडे ठेवून चाप दाबला आणि डबा उडाला. दुसराही उडाला. तिसरा उडाला तेव्हा तो लग्न, रजा, शालिनी सगळं विसरला.

"बाबा, ये तो एकदम बढिया चीज है! क्या बात है!"

शब्द तोंडातून गेले आणि त्याने जीभ चावली. इथे यजमानाच्या वस्तूची अशी तोंडभरून स्तुती करायची नसते. केली की तो ती वस्तू तुमच्या हवाली करतो आणि मग नाही म्हणायची सोय राहत नाही. कामगारांच्या कॅम्पातल्या नव्या पोरांना उमाकांत स्वतः हे बजावायचा.

अबू तुर्कीचा चेहरा उजळला. छातीवर हात ठेवून तो म्हणाला, "खलास. ये तुम्हारा."

घ्यावं तर पहिल्याच चेकपोस्टवर पोलीस इकाम्यासकट, म्हणजे राहण्याच्या परवान्यासकट, उमाकांतला आत टाकणार. नको म्हणावं तर यजमानाचा ऐन जेवणाच्या दिवशी अपमान, आणि रजेवर कायमचं पाणी. काय म्हणून या जिभेला हाड नाही! त्याला स्वतःचाच असा संताप आला की त्या संतापातच भीती जळून गेली. ज्या रिवाजाने अडकवलं त्याच रिवाजाला धरायचं, दुसरं काय?

त्याने पिस्तूल रुमालाने पुसून पेटीत ठेवलं आणि तोही छातीवर हात ठेवून म्हणाला, "बाबा, पिस्तोल अच्छा है. लेकिन आपके कपाट में एक नीला पासपोर्ट है, उस पर मेरा फोटो है. उससे सुंदर चीज मैंने पूरे सौदी में नहीं देखी."

वाऱ्याने एक डबा गडगडत गेला. मग अबू तुर्की इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. रिवाज म्हणजे रिवाज. "कल सुबह आव," तो म्हणाला. या वेळी त्याने बुकरा म्हटलं नाही. "छुट्टी का ठप्पा मार के देता."

उमाकांतने त्याचे दोन्ही हात धरले. अबू तुर्कीने ते हळूच सोडवले, पेटीतून ते जुनं पिस्तूल उचललं आणि स्वतःच्या खिशात टाकलं.

"ये भी तुम्हारा है. लेकिन मेरे पास रहेगा. वापस आएगा, तब मिलेगा."