मधली रेष

"सरांच्या फोटोवर हात ठेव अन् सांग," ललित म्हणाला.

भावना जागची हलली नाही.

अकोल्यात जठारपेठेमागच्या कबड्डीच्या मैदानावर देवमन सरांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. बुद्धवंदना झाली होती. फोटोपुढच्या मेणबत्त्या वाऱ्यानं विझत होत्या. पोरी ओळीनं मातीत बसल्या होत्या. सर गेल्यापासूनच्या बारा दिवसांत या मातीवर चुन्याची रेष पडली नव्हती. मैदानाची मधली रेष आखायची ती प्रशिक्षकानंच, असा मंडळाचा रिवाज. आणि जुना प्रशिक्षक जाताना ज्याचं नाव घेईल, तोच नवा.

सर गेले तेव्हा संघ स्पर्धेसाठी मोर्शीला होता. ललित होता, भावनाचा नवरा अनुपही होता. अमरावतीच्या दवाखान्यात सरांच्या उशाशी दोघीच: सरांची बायको इंदूबाई आणि भावना.

"सांगतलं ना," भावना म्हणाली. "अनुपचं नाव घेतलं."

"नवऱ्याचं नाव उखाण्यात बरं लागते बाई," मागून शकुन म्हणाली. ती मंडळातली सगळ्यात जुनी खेळाडू. "इथं नाई."

दोघी-तिघी हसल्या. अनुप हसला नाही. इस्त्रीचा पांढरा टी-शर्ट घालून तो फोटोजवळ उभा होता.

ललितनं अठरा वर्षं या मातीला पाणी मारलं होतं. पोरींना खेळू द्या म्हणून सर पार नांदगाव खंडेश्वरपर्यंत बापांच्या दारात जाऊन बसायचे, तेव्हा गाडी ललितची असायची. "पोरगी खेळली तं घर मोडत नाई, बाप्पा," सर म्हणायचे आणि बाप हो म्हणेपर्यंत चहाला हात लावायचे नाहीत. भावनाच्या बापाचा चहा असाच चार दिवस निवत राहिला होता.

लग्नानंतर तिनं चढाई सोडली. "एका घरात दोन खेळाडू कायले?" अनुप म्हणाला होता. आता ती पोरींच्या घोट्यांना पट्ट्या बांधायची. पट्टी बांधता बांधता एखादीचा पाय कुठं चुकला तेही हळूच सांगायची.

"भावना," ललितचा आवाज खाली आला. "माह्यं नाव नसन घेतलं तं नसो. पण सर माह्यावर नाराज होते का? एवढं सांग."

"नाई दादा."

"मंग माह्याकडं पाहून बोल."

तिनं पाहिलं. ललितनं तिच्या डोळ्यांकडे पाहिलंच नाही, पायांकडे पाहिलं. चढाईवाल्याचे डोळे फसवतात, पाय खरं सांगतात, ही सरांचीच शिकवण. भावनाच्या पायांची बोटं मातीत रुतली होती.

"खोटं बोलून राहिली तू."

"दादा, तोंड सांभाळा," अनुप पुढे सरकला. "माह्या बायकोले खोटं म्हणता?"

त्या दिवशी मोर्शीहून त्याचा फोन आला होता. सर गेले, असं तिनं सांगितलं. तो म्हणाला, "माह्यं काही बोलले का?"

पोलिस भरतीतून तीनदा परत आलेला, दिवस दिवस भिंतीकडे तोंड करून पडणारा माणूस. त्या प्रश्नातली तहान तिला ऐकवली नाही. ती म्हणाली, "हो." तेवढं एक अक्षर, आणि सरांनी आपलंच नाव घेतलं असं अनुपनं धरलं. तेव्हापासून सरांच्या ओठांवरचं खरं नाव तिच्या घशात चुन्यासारखं चरचरत होतं. गिळवत नव्हतं, थुंकवत नव्हतं.

"काकू होत्या ना तिथं," शकुन म्हणाली. "काकूलेच विचारा. भांडता काहून?"

सगळं मैदान वळलं. खुर्चीत बसलेल्या इंदूबाईंनी पदर सारखा केला. इंदूबाईंनी आधी ललितकडे पाहिलं, मग अनुपकडे, मग बराच वेळ तिच्याकडे.

"पोरगी सांगते तेच," त्या म्हणाल्या.

ललितनं मान खाली घातली. मग तो मैदानाकडेच्या सामानाच्या खोलीत गेला, चुन्याचं घमेलं घेऊन आला आणि अनुपच्या हातात दिलं.

"घे गा. सरळ आख."

पोरी रडायला लागल्या. अनुप वाकून आखू लागला. रेष जराशी वाकडी गेली.

जेवणं बाहेर मांडवात चालली होती. भावना सरांच्या घरात, स्वयंपाकखोलीत इंदूबाईंजवळ येऊन उभी राहिली.

"तुमी काहून हो म्हटलं काकू? तुमी तं ऐकलं होतं."

इंदूबाई वरण ढवळत राहिल्या. "अनुपच्या घरी तुले राहा लागते. मले नाई."

"ललितदादाचं तोंड पाहवलं नाई मले," भावना म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

इंदूबाईंनी पळी खाली ठेवली. ओल्या हातानं तिचा चेहरा वर केला.

"ललितसाठी काहून रडतं व? तुये सर दोनदा म्हणाले, मैदान भावनाले द्या."