सात वेळा हो

दुपारी दीडला लाइट गेली आणि तिसऱ्या मिनिटाला आली. तेवढ्यात सरिताचा कॉम्प्युटर नेहमीप्रमाणे सगळं विसरला.

धुळ्यातल्या त्या सेवा केंद्राच्या मालकाने, कुणी नको ते टाकू नये म्हणून, मशीनला असं कुलूप घातलं होतं की बंद होऊन चालू झालं की त्याची पाटी कोरी. केबलचं नेट महिन्यापूर्वी रस्ता खोदणाऱ्यांनी तोडलेलं. मग सरिता स्वतःचा मोबाइल वायरने जोडायची आणि त्याच्या नेटवर लोकांचे दाखले काढायची. पण मोबाइल ओळखायला मशीनला ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम लागतो, आणि लाइट गेली की ड्रायव्हरही गेला. दिवसातून पाच-सहा वेळा तो पुन्हा टाकायचा आणि दर वेळी त्याच सात प्रश्नांना उत्तरं द्यायची. बनवणारा ओळखीचा नाही, तरी टाकू? मशीनमध्ये बदल होईल, चालेल? खात्री आहे? शेवटी वैतागून तिने दोन रविवार घालवले आणि एक फाइल बनवली. पेनड्राइव्ह लावायचा, दोनदा क्लिक करायचं, पुढचं फाइल बघून घेते.

आताही तिने तेच केलं. काळी खिडकी उघडली, अक्षरं भराभर पळाली, खिडकी मिटली. नेट सुरू.

शेजारच्या स्टुलावर तिचा धाकटा भाऊ योगराज बसला होता. सकाळीच गावाहून मोटारसायकलवर आलेला. येताना आणलेली कैऱ्यांची पिशवी टेबलाखाली, आणि हातात हक्कसोडीचा मसुदा. वडील जाऊन वर्ष झालं होतं. विहिरीजवळच्या शेतातला आपला हिस्सा सरिताने भावाच्या नावे सोडायचा, उद्या निबंधकाकडे सही करायची, असं घरात ठरलं होतं. आणि त्याआधीची ऑनलाइन नोंदही तिनेच भरायची, तिच्याच मोबाइलच्या नेटवर. घरचं माणूस असताना वकिलाकडे कशाला जायचं!

"हाई काहीच इचारत नही का?" योगराजने पडद्याकडे बोट दाखवलं.

"इचारस ना. सात येळ इचारस. मी फाइलले सांगी ठेयेल शे, बठ्ठासले हो म्हन."

"चांगलं करं अक्का. कटकटच नही." तो हसला.

सरिताही हसली. मग तिला वाटलं, मशीन निदान विचारतं तरी.

लाइट जाण्याआधी भरलेला फॉर्म सरकारी साइटवर सुदैवाने जसाच्या तसा होता. शेवटची ओळ तेवढी उरली होती: कोणाचेही दाब-दडपण नसताना, स्वखुशीने. ही ओळ तिने इतक्या बायांच्या कागदांवर टाइप केली होती की बोटं न बघता चालायची. त्या बायाही याच स्टुलावर बसायच्या, पदराने घाम पुसत, आणि त्यांचे भाऊ मागे उभे असायचे. एकीनेही कधी 'वाचून दाखव' म्हटलं नव्हतं, आणि सरितानेही आपण होऊन कधी वाचून दाखवलं नव्हतं. आज बोटं चालेनात.

"भाऊ, तू माले इचारं का?"

"काय?"

"जमीन सोडाले तयार शे का म्हनून."

"तुले काय इचारानं अक्का? बठ्ठ्या बहिनी सोडतस." त्याने घड्याळात पाहिलं. "आखाजी आठ दिवसवर शे. मी येसूच ना तुले लेवाले."

त्याच्या बोलण्यात माया होती, खोटी नव्हती. आणि धाकही होता. सरिताच्या गल्लीतल्या भागाबाईने भावाला सही दिली नव्हती, तर अक्षय्य तृतीयेच्या या माहेरपणाच्या सणाला भाऊ न्यायलाच न आल्याने गेल्या तीन आखाज्या ती सासरच्या ओट्यावर बसून होती. दुसऱ्यांच्या माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणताना ती घरात जाऊन दार लावून घ्यायची.

सरिताला भांडायचं नव्हतं. भांडायला अंगात जीव लागतो. लग्नाला हो, शिक्षण सोडायला हो, आईच्या दुखण्यात दोन महिने रजा टाकून जायला हो. आजवरचे सगळे हो एकदम अंगावर आल्यासारखी ती दमून गेली.

तिने फॉर्मच्या कोपऱ्यातल्या, फॉर्म रद्द करायच्या फुलीवर क्लिक केलं.

पडद्यावर चौकट आली. भरलेली सर्व माहिती पुसली जाईल. खात्री आहे का?

हा प्रश्न फाइलला शिकवलेला नव्हता.

"नको दाबू!" योगराज स्टुलावरून उठलाच. "अक्का, नको दाबू!"

सरिताने चौकट वाचली. मग सावकाश पुन्हा वाचली. आणि 'हो' दाबलं.

फॉर्म कोरा झाला. योगराजने मसुद्याची सुरळी करून खिशात खुपसली, वाकून टेबलाखालची पिशवी ओढली आणि तिच्याकडे न बघता बाहेर पडला.

ओढताना पिशवीतली एक कैरी घरंगळून सरिताच्या पायाशी आली होती. ती उचलून सरिता दारापर्यंत धावली.

"भाऊ, हाई राहिनी रे!"

तोवर मोटारसायकल रस्त्याला लागली होती.