गळती

नागपूरला घाटावर गिरीशच्या खांद्यावर मडकं ठेवलं, तेव्हा अमेरिकेत, बॉथेल गावातल्या घराच्या गॅरेजमध्ये गुरुनाथचा हात आपसूक स्वतःच्या खांद्याकडे गेला. व्हिडिओ कॉल चालू असलेला फोन त्याने टाकीच्या पाइपला टेकवून ठेवला होता. चिता त्याच्या बापाची. मडकं एकुलत्या एका मुलाने धरायचं, ते धरलं होतं चुलतभावाने.

परवा गिरीश म्हणाला होता, दादा, काकांना बर्फावर ठेवतो, तू निघ. वकील म्हणाला, जा खुशाल, पण व्हिसाचा शिक्का मिळून परत कधी याल ते सांगता येत नाही. नोकरी गेली तर घर, घर गेलं तर लेकीची, आन्याची शाळा. गुरुनाथ भ्याला. दुसरा शब्दच नाही त्याला. गिरीशला फोन करून म्हणाला, "थांबू नका."

टाकी त्याने स्वतः डिझाइन केलेली. घर उबदार ठेवणारं पाणी साठवायची. गरम वर, गार खाली, दोन्ही मिसळू द्यायची नाहीत, यात सगळी हुशारी. बाहेर बर्फ पडलं तरी आतलं पाणी दुसऱ्या दिवशीही वाफाळतं. गेल्या हिवाळ्यात बाबा आले होते. टाकीवरून हात फिरवत म्हणाले होते, "एवढं शिकून शेवटी बंबच केलास की रे. फक्त राख काढायला नको."

फोनमध्ये मडक्यावर दगड बसला. बारीक धार लागली. गिरीश चालू लागला तशी धार त्याच्या पाठीवरून मातीत सांडत गेली. गुरुनाथची नजर त्या भोकावरून हलेना. आयुष्यभर त्याने हेच केलं होतं. गळती शोधायची, बुजवायची. लोकांच्या टाक्या गळू नयेत म्हणून हा देश त्याला ठेवून घेतो, आणि बापाला पाणी द्यायला जातो म्हटलं की दार लावून घेतो.

तिसऱ्या फेरीनंतर गिरीशने मडकं मागे टाकलं. फुटल्याचा आवाज फोनमधून नीट आलाच नाही. मग ज्वाळा दिसल्या. गिरीश फोनजवळ येऊन म्हणाला, "झालं दादा. अंघोळ करून घे आता."

फोन बंद झाला. गुरुनाथने टाकीवरची, हवा आत घेणारी चावी उघडली, खाली वाकला आणि तळाचा नळ पूर्ण उघडला.

पाणी दारापर्यंत पोचलं तेव्हा आन्या आतून आली. "बाबा, इट्स लीकिंग."

"गळू दे."

मागोमाग आश्लेषा आली. नळ बंद करायला वाकली, नवऱ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. त्याने चपला काढल्या होत्या. अनवाणी धारेत उभा होता.

"गुरू, वरचं पाणी उकळतं असेल. पाय भाजतील."

तो हलला नाही. अजून गारच येत होतं.