सूर्याला प्रवेशबंदी

“आजपासून या गाडीत सूर्याला प्रवेशबंदी!” आत झोपायची सोय असलेल्या कॅम्पर व्हॅनच्या खिडक्यांना ऊन अडवणारी फिल्म चिकटवत निवृत्त हेडमास्तरांनी जाहीर केलं. शेवटच्या खिडकीची फिल्म मात्र काच सोडून त्यांच्याच बोटांना चिकटली आणि चुरगळली. दुसरी नव्हती.

“गाडीची भट्टी होणार असेल, तर सहलीला एकटेच जा,” असं बायकोने आधीच बजावलेलं. ती तपासायला आत शिरली, तसे मास्तर भर उन्हात त्या कोऱ्या काचेला बाहेरून पाठ लावून रुबाबात उभे राहिले.

बायको आत ऐसपैस आडवी झाली. “गार आहे हो. येते मी.”

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. घाम पुसत ते बाजूला झाले.

“अहो, हलू नका! ती खिडकी राहिलीय, ते मघाशीच पाहिलंय मी. माझा डोळा लागेपर्यंत थांबा की जरा तिथेच.”