साहेबाचा पिंड

सर्वपित्रीच्या श्राद्धात गुरुजींनी शेवटच्या पिंडासाठी नाव विचारलं. "एडवर्ड," उत्तराबाई हळू आवाजात म्हणाल्या. "माझे पणजोबा."

"वहिनी, साहेबाला भात कशाला? केक ठेवा," दीर हसले.

उत्तराबाई हसल्या नाहीत. विलायतेतल्या चर्चला पत्रं लिहून लिहून त्यांनी पणजोबांचं गाव, आईबाप शोधून काढले होते. परवा तिथल्या नातलगांचं उत्तर आलं. एडवर्ड हिंदुस्थानात निपुत्रिक वारल्याची नोंद आहे. तुमच्या पणजीशी आमचा काही संबंध नाही.

गुरुजी घुटमळले. "पण यांचं गोत्र?"

"ज्याचं ठाऊक नसतं त्याला कश्यप. तुम्हीच सांगता दरवर्षी."

उत्तराबाईंनी पिंड स्वतःच वळला, दर्भावर ठेवला, तीळपाणी सोडलं.

"आता मंत्र म्हणा, गुरुजी. निपुत्रिक गेलेल्यांची पणती तुमच्यासमोर बसलीय."