उरलेलं ताट

वजन वाढलेली आई समोर येऊन बसली की आहारतज्ज्ञ बाई तिच्या ताटाचं विचारायच्याच नाहीत. आधी पोराच्या ताटाचं विचारायच्या. खरं दुखणं तिथेच असतं, हे त्यांना अनुभवाने पाठ झालं होतं.

"मुलगा ताटात टाकतो, आणि ते तुम्ही खाता. हो ना?"

"अन्न टाकवत नाही हो," आज नवऱ्यासोबत आलेली आई खाली बघत म्हणाली. "जेवायच्या बाबतीत त्याची नाटकं पहिल्यापासूनच. पूर्वी निदान अर्धं तरी संपवायचा, हल्ली ताटाला हातही लावत नाही. माझं जेवण झालं की त्याचं अख्खं ताट मलाच संपवावं लागतं."

बाई हसल्या. चोर सापडला होता.

"मग त्याला थोडंसंच वाढा. भूक लागली की येईल आपणहून मागायला."

तिने मान डोलावली आणि चपला घालायला बाहेर गेली. नवरा मात्र खुर्चीतच बसून राहिला.

"थोडंसं नको, ताट वाढूच नको, असं सांगा तिला मॅडम. पोराला जाऊन वर्ष झालं, पण माझ्या तोंडून ते निघत नाही."