खिंडीपर्यंत मेंढरं

लगमाचं बाळ पायाळू येत होतं आणि फोनवरची डाक्तरीण मध्येच मुकी झाली. तिची सासू धोंडाक्का तिला थोरल्या जावेच्या हाती सोपवून पालाबाहेर आली. लांडग्याच्या भ्यानं मायाप्पानं सगळी मेंढरं एका जागी कोंडली होती.

"बायकोचा जीव घेतोस का, शहाण्या? गळ्यातले पट्टेच डाक्तरणीचा आवाज एका मेंढराकडनं दुसऱ्याकडं देतात. इंटरनेट लागतं ते खिंडीतल्या मेंढरालाच. पांगव त्यांना, खिंडीपतोर!"

"लांडगा नेईल, आये."

"नेऊ दे. सून एकच हाय."

जन्मभर मेंढरं गोळा केलेल्या म्हातारीनं ती स्वतः माळभर हाकलली. डाक्तरीण पुन्हा बोलू लागली.

खिंडीत एक मेंढरू किंचाळलं. मेंढरं माघारी गोळा करायला मायाप्पा शीळ घालणार, तोच धोंडाक्कानं त्याचं तोंड दाबलं. पालात बाळ रडलं तेव्हाच तिनं हात काढला.

"आता घाल शीळ."